धाकटीच्या दगडावरचं नाव

"ताई, घासू नका. हा दगड बिस्किटासारखा आहे. पाणी मारून ठेवा, आठ दिवसांनी या."

दफनभूमीच्या राखणदाराने हे दोनदा सांगितले होते. तिने दोन्ही वेळा "हो हो" म्हटले आणि त्याची पाठ वळताच पिशवीत हात घातला. त्या पिशवीत मी होतो.

मित्रांनो, मी एक जुना तारेचा ब्रश आहे. लाकडी मूठ, पोलादी तारांच्या पाच रांगा, मुठीला टांगण्यासाठी एक भोक. एका छोट्या कारखान्यात माझ्यासारखे शेकडो ब्रश एकाच दिवशी तयार झाले. पुढे मी एका वेल्डरच्या हाती पडलो आणि माझे भाग्य उजळले. फाटके, जिने, खिडक्यांचे गज, जे जे गंजलेले असेल ते माझ्यापुढे यायचे आणि चकचकीत होऊन जायचे. वेल्डर गिऱ्हाइकांना म्हणायचा, "रंग काय कोणीही लावेल, खरं काम या गड्याचं." हे ऐकून ऐकून माझ्या डोक्यात हवा गेली. जगात जे काही झाकलेले आहे ते जोर लावला की उघडे पडते, असे मला वाटू लागले.

वेल्डर म्हातारा झाला, त्याच्या हातांना कंप सुटला, तेव्हा त्याने आपली हत्यारे ओळखीपाळखीत वाटून टाकली. मी एका निवृत्त शिक्षकांच्या घरी आलो आणि माळ्यावरच्या डब्यात नऊ वर्षे पडून राहिलो. कोणी हात लावला नाही. माझ्या तारांनाच गंज चढला, याचे हसू यावे की रडू, मला कळेना. मग एके दिवशी डबा उघडला. शिक्षकांच्या लेकीने मला उचलले, उलटसुलट करून पाहिले आणि म्हणाली, "हा चालेल."

ही लेक म्हणजे आठ महिन्यांच्या मुलीची आई. बाळाला शिंक आली तरी ती वेळ लिहून ठेवायची. बाळाच्या तपासणीच्या वेळी डॉक्टरांनी विचारले होते, तुमच्या घराण्यात कोणाला काय काय आजार होते? तिला दोन पिढ्यांपलीकडे काहीच सांगता आले नाही. त्या दिवसापासून तिने एक जाड वही केली आणि घराण्यातले एकेक माणूस शोधायला घेतले. कोण कधी जन्मले, कशाने गेले, कुठे पुरले. नातेवाइकांना फोन करून करून तिने पिडले. एका काकांनी तर तिचा नंबर दिसला की आंघोळीला जायला सुरुवात केली.

एकच माणूस तिला कंटाळले नाही. तिच्या वडिलांची आत्या. चौऱ्याऐंशी वर्षांची, एकटी राहणारी, जिभेने तिखट. ती हिला नावाने कधीच हाक मारायची नाही, "काळजीबाई" म्हणायची. या आत्याआजीने एका दुपारी वहीतले घराण्याचे झाड पाहिले आणि आपल्या नावाशेजारच्या मोकळ्या जागेवर बोट ठेवले.

"इथे एक पाहिजे. माझी धाकटी बहीण. दीड वर्षाची होऊन गेली, मी चार वर्षांची होते. घरात सगळे तिला नुसतं बाळ म्हणायचे. ती गेल्यावर आईने तिचं नाव घरात घेऊ दिलं नाही. पुढे आईही गेली. मला नाव आठवत नाही गं." मग जरा हसून म्हणाली, "आता माझी निघायची वेळ झाली. वर जाऊन तिला 'बाळ, बाळ' म्हणून हाक मारली, तर निम्मी गर्दी वळून बघेल. मला तिचं नाव आणून दे."

काळजीबाईने शब्द दिला. मग ती नगरपालिकेच्या कचेरीत गेली. कारकून भला होता, त्याने तळघरातून त्या सालचे मृत्यूनोंदीचे बाड आणून दाखवले. छत गळून, भिजून त्या बाडाची वीट झाली होती. पान सोडवायला गेले की चुरा. दफनभूमीच्या वहीत रांग आणि क्रमांक मिळाला, पण नावाच्या रकान्यात फक्त वडिलांचे नाव आणि पुढे "मुलगी". घरचे कागद कधीच रद्दीत गेले होते. उरला एकच पुरावा: भिंतीलगतच्या लहान मुलांच्या रांगेतला हातभर उंचीचा दगड. त्यावर अक्षरे होती, बोटांना लागत होती. फक्त वर पांढरट शेवाळाचा थर बसला होता.

राखणदाराचे म्हणणे सोपे होते. पाणी मारले की थर आपोआप सुटतो, आणि सकाळचे ऊन बाजूने आले की अक्षरे उठून दिसतात. आठच दिवस. पण रविवारी आत्याआजीचा वाढदिवस होता. तिला हे नाव भेट म्हणून न्यायचे होते. शिवाय बाळाला सासूबाईंपाशी ठेवून ती पहिल्यांदाच इतका वेळ बाहेर राहिली होती, अर्ध्या तासात दोन फोन करून झाले होते. घरच्या फोनसाठी बॅटरी राखायची म्हणून तिने दगडाचा फोटोसुद्धा काढला नाही. बाळाच्या अंगावरच्या प्रत्येक पुरळाचा फोटो काढणारी बाई ती.

आणि मी? मला कोणी विचारले असते तरी मी नको म्हटले नसते. नऊ वर्षांनी हात लागला होता. लोखंडाच्या गंजाला न घाबरलेला मी, शेवाळ ते काय!

पहिल्या चार हातांत साल दिसले. "आलं, आलं," ती पुटपुटली. तिने आणखी जोर लावला. एका अक्षराचा काना दिसला, सरळ, सुबक, कोणीतरी मन लावून कोरलेला. पुढच्या हाताला माझ्या तारांखाली काहीतरी भुसभुशीत लागले. मला ते कळले, मित्रांनो. तिच्या आधी मला कळले. पण ब्रशला थांबता येत नाही. तळहाताएवढी खपली सुटली आणि अक्षरांसकट खाली आली. शेवाळाने दगड झाकला नव्हता, धरून ठेवला होता.

खाली कोरी, पिवळी, पाटीसारखी गुळगुळीत जागा. ती गुडघ्यांवर बसून तो चुरा ओंजळीत घेऊन बघत राहिली. राखणदार आला. ओरडला नाही. इतकेच म्हणाला, "आता पाणी मारायचंही काही काम नाही."

संध्याकाळी तिने आत्याआजीला फोनवर सांगितले की दगड सापडलाच नाही, तिकडे फार झुडपे माजली आहेत.

"बरं, पुन्हा जा सवडीने," आत्याआजी म्हणाली. "मी काही कुठे पळून जात नाही."

वाढदिवसाला ती गेली नाही. बाळाला सर्दी आहे म्हणाली. सर्दी नव्हती. त्यानंतर दर रविवारी आत्याआजीचा फोन वाजायचा आणि ती त्याच्याकडे बघत बसायची. दुसरीकडून नाव मिळवायचे आणि मगच तोंड दाखवायचे, असे तिने ठरवले होते. म्हणजे कबूल करावेच लागले नसते. लस टोचल्याच्या याद्या, जुने दवाखाने, बंद पडलेले पाथरवटाचे दुकान, सगळीकडे ती फिरली. मला तिने पिशवीतून बाहेर काढलेच नाही. माझ्या तारांत त्या दगडाची पिवळी भुकटी अडकली होती, ती तिच्याने झटकवेना. म्हणून तिची ही सगळी वणवण मी पिशवीच्या तळाशी पडून ऐकली.

आठव्या आठवड्यात, एका मंगळवारी सकाळी, नगरपालिकेच्या कचेरीत कागद चाळताना तिचा फोन तीनदा थरथरला. तिने नाव पाहिले आणि फोन पालथा ठेवला.

आत्याआजी न्हाणीच्या उंबऱ्यावर घसरून पडली होती. डोक्याला मार लागला होता. हाताशी असलेल्या फोनवरून तिने तीन वेळा एकच नंबर लावला. दुपारी इस्त्रीवाला कपडे द्यायला आला, त्याने दार ढकलले, तेव्हा ती सापडली.

ती वाचली. घरी आली. पण डॉक्टरांनी सांगितले, जुने आठवेल, नवे फारसे टिकणार नाही.

पहिल्या रविवारी काळजीबाई तिच्या पलंगापाशी बसली, दगडावरचे नाव खरवडून गेल्याचे सांगितले आणि मला काढून चादरीवर ठेवले. आत्याआजीने माझ्या तारांवरून बोट फिरवले.

"याने?"

"याने नाही. मी. राखणदार नको म्हणाला होता. आणि दगड सापडला नाही, हेही खोटं सांगितलं तुला."

म्हातारी म्हणाली, "नाव गेलं ते गेलं. फोन का उचलला नाहीस?"

काळजीबाईने मला उचलून पुन्हा पिशवीत टाकले.

पुढच्या रविवारी आत्याआजीने तिला पाहताच हसून विचारले, "काय काळजीबाई, सापडला का गं दगड?"

तिला काही आठवत नव्हते. आता खोटे बोलणे किती सोपे होते! कोणतेही गोड नाव सांगितले असते, तरी म्हातारी सुखाने झोपली असती. काळजीबाईने पिशवीत हात घातला आणि मला पुन्हा चादरीवर ठेवले.

असे आजवर अकरा रविवार झाले. अकरा वेळा तिने पहिल्यापासून सांगितले. एकदा आत्याआजी भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. एकदा खूप रडली. एकदा तर हसत सुटली, म्हणाली, "माझीच बहीण ती, नाही सांगितलं ना नाव शेवटी!" दगडाबद्दल तिचे म्हणणे दर वेळी बदलते. शेवटी मात्र ती एकच विचारते, फोन का उचलला नाहीस. आणि ते दर रविवारी नव्याने लागते, दोघींनाही.

मित्रांनो, माझ्यासारख्याला लोखंडापाशीच ठेवा. नाजूक, जुन्या वस्तूंना पाणी द्या, वेळ द्या. हे मी सांगायलाच हवे. पण त्याहून मोठे मागणे दुसरे आहे. तुमचेही कोणीतरी असेल, ज्याचे काही तुमच्या हातून बिघडले, आणि ते आधी नीट करू, मग भेटू, असे म्हणून तुम्ही त्याचा फोन पालथा ठेवता. ते नीट होण्याची वाट पाहू नका. रिकाम्या हातांनी, पडलेल्या तोंडाने जा, पण आजच जा. दार वाजवा, आणि आतून आवाज येईपर्यंत तिथून हलू नका.