लाल पुंजक्याची राखण

मी एक जुनी गळाची काठी आहे. वय विचाराल तर दहा-अकरा वर्षांचेच. पण मित्रांनो, जिची दोरी तीन वर्षांत एकदाही भिजली नाही, तिने स्वतःला जुनीच म्हणावे. सध्या माझा मुक्काम पिंपळे सौदागरमधल्या एका सोसायटीत, सातव्या मजल्यावरच्या गॅलरीत आहे. समोर जाळी आहे, पण ती कबुतरांसाठी. पाणी म्हणाल, तर कुंड्यांना घालतात तेवढेच.

माझा जन्म जपानमधला. ब्लॅक बास नावाचा एक दांडगा मासा पकडण्यासाठी मला घडवले. तो पाणगवतात दबा धरून बसतो आणि गळाला लागला की जिवाच्या आकांताने ओढतो. म्हणून माझे टोक लवचीक आणि बुंधा भक्कम ठेवला. मला या गोष्टीचा भारी तोरा होता. पुढे माझे धनी हायाशीसाहेब चाकणच्या एका कारखान्यात आले, तेव्हा सांध्यातून दोन तुकडे होऊन, बॅगेत मोज्यांच्या शेजारी पडून मीही आले. इथल्या नदीत ब्लॅक बास नाही, हे आम्हा दोघांना इथे आल्यावर कळले. उतरला माझा तोरा! कितीतरी महिने मी कपाटामागे कोपऱ्यात उभी होते. त्या परक्या गावात साहेबांशी कोणी बोलत नव्हते आणि माझ्याशी साहेबही बोलत नव्हते.

साहेबांची गाडी चालवायचे उद्धवराव, खेडकडचे. त्यांनी एके दिवशी मला कोपऱ्यात पाहिले. "तुमचा मासा न्हाई इथं, साहेब. पन आमची मरळ हाय. तिला बघा तरी."

मोशीच्या बाजूला एक बंद पडलेली, पाण्याने भरलेली दगडखाण होती. तिथे उद्धवरावांनी आम्हाला मरळ हुडकायला शिकवले. ती हवा घ्यायला वर येते, तेव्हा पाणकणसाच्या गवताच्या कडेला पाणी हलते. त्याच्या दोन हात पुढे गळ लपवलेला रबरी बेडूक टाकायचा, हळूहळू ओढायचा, तिने तोंडात धरला की मनात तीन आकडे मोजायचे आणि मगच झटका द्यायचा. साहेबांना तीन मोजवत नसे. त्यामुळे पहिल्या वर्षी आम्ही फक्त शेवाळ पकडले.

उद्धवरावांचा एक नियम मात्र कडक होता. पावसाळ्यात मरळीची पिल्ले पाण्यावर लाल पुंजक्यासारखी तरंगतात आणि खाली मोठी मरळ राखण करत असते. त्या पुंजक्यावर गळ टाकायचा नाही. साहेबांनी मोबाइलवर चित्र दाखवून सांगितले की ब्लॅक बासचा बापही अशीच पिल्लांची राखण करतो. उद्धवराव ते चित्र बराच वेळ बघत राहिले.

साहेब मायदेशी परतताना मला उद्धवरावांकडे देऊन गेले. मग उद्धवराव निवृत्त झाले, त्यांच्या पत्नी सावित्रीबाई वारल्या आणि चाकणच्या त्या दोन खोल्यांत आम्ही दोघेच उरलो. मुलगा ज्ञानेश रोज फोन करून "अण्णा, इकडे राहायला या" म्हणायचा. उद्धवराव रोज नवी सबब सांगायचे. फोन ठेवल्यावर मला पुसता पुसता खरे बोलायचे.

"पोरगं ल्हान होतं तवा म्या पहाटं गाडी काढायचो, ते निजलेलं. परत यायचो तवा बी निजलेलंच. आता कोन्च्या तोंडानं त्याच्या घरात बसून खाऊ?"

शेवटी गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी होकार भरला. रविवारी दुपारी ज्ञानेश न्यायला येणार होता. त्या सकाळी आम्ही शेवटचे खाणीवर गेलो. तिथल्या एका थोराड मरळीने आम्हाला तीन वर्षे झुलवले होते. आज ती दिसली, पण तिच्यावर लाल पुंजका तरंगत होता.

उद्धवराव माघारी वळले, चार पावले गेले, थांबले. "आजच्यानं काय व्हतंय," असे पुटपुटले आणि त्यांनी बेडूक पुंजक्यावर टाकला.

मित्रांनो, मी कमानीसारखी वाकले. इतकी वर्षे ज्याची वाट पाहिली तो हिसका माझ्या अंगात शिरला आणि मी हरखून गेले. आज ते आठवले की लाज वाटते. मरळ काठावर आली, हाताएवढी लांब. तिकडे पुंजका विस्कटला आणि चिलापी मासे पिल्लांवर तुटून पडले.

उद्धवरावांनी गळ सोडवून मरळ तशीच पाण्यात सोडली. ती तळाशी गेली, वर येईना. मग ते दुखऱ्या गुडघ्यांनी पाण्यात उतरले आणि माझ्या टोकाने पाणी बडवू लागले. चिलापी पळायच्या, पुन्हा यायच्या. दुपार झाली. फोन वाजत राहिला. शोधत शोधत ज्ञानेश खाणीवर आला.

"अण्णा, काय करताय हे?"

"राखन करतोय. हिला म्या उचलली आन् पोरं उघडी पडली." त्यांनी पुन्हा पाणी बडवले. "तुझी बी न्हाई करता आली."

ज्ञानेश पँट दुमडून पाण्यात उतरला आणि दुसऱ्या बाजूने हाताने पाणी उडवू लागला. बऱ्याच वेळाने उरल्यासुरल्या पुंजक्याखाली पाणी हलले. मरळ हवा घेऊन परत आपल्या जागी गेली.

तेव्हा ज्ञानेश म्हणाला, "अण्णा, मी झोपलेलो नसायचो. तुमच्या गाडीचा आवाज आला, की मगच डोळे मिटायचो."

संध्याकाळी आम्ही ज्ञानेशच्या घरी, या गॅलरीत राहायला आलो. त्यानंतर उद्धवरावांनी गळ टाकला नाही. त्या दिवशी मला तडाही गेला. मासे पकडायला जन्मले, पण माझे शेवटचे काम राखणीचे झाले. त्याचा मला अभिमान आहे. एकटे मात्र फार वाटते. मित्रांनो, माझ्यासारखी काठी कधी तुमच्या हाती आली, तर आधी पाणी नीट बघा. लाल पुंजका दिसला तर दोरी गुंडाळा आणि घरी जा.

रोज संध्याकाळी उद्धवराव गॅलरीत येतात, माझ्यावर हात ठेवून खाली बघत उभे राहतात. ज्ञानेशची गाडी फाटकातून आत शिरली, की मगच आत जातात.