ब्रीकला पाचपैकी पाच

मशीनने ब्रीकच्या थरथरत्या, काळोख्या व्हिडिओला पाचपैकी पाच गुण दिले आणि आमच्या स्फाक्स शहराच्या मिठागरांवरच्या रोहित पक्ष्यांना दोन. पक्ष्यांचा व्हिडिओ इतका स्वच्छ होता की पीस न् पीस वेगळं दिसत होतं. ब्रीक, म्हणजे आत अंडं घातलेली पातळ घडीची पुरी, तळतानाच्या व्हिडिओत मात्र तेल, धूर आणि कुणाचा तरी अंगठा.

आम्ही सगळे हसलो. सी नौफल हसले नाहीत. 'सी' म्हणजे साहेब; आमचे साहेब तेच, काम आणणारेही तेच.

मशीनला शिकवलं होतं आम्हीच. लोक फोनवरून जे व्हिडिओ टाकतात त्यांचं चित्र चांगलं की वाईट, हे त्याने आपलं आपण ठरवायचं. त्यासाठी आधी माणसांनी हजारो व्हिडिओ बघून गुण द्यायचे. काय दाखवलंय ते बघायचं नाही, कसं दिसतंय तेवढंच. धूसर आहे का, हलतंय का, अंधार किती. हे सगळे गुण आम्ही दिले ते रमजानात, दुपारनंतर बसून.

"म्हणजे भुकेने दिलेत," सी नौफल म्हणाले. "ज्यांचं काम आहे ते विचारतायत, तुमच्या माणसांना डोळे आहेत की नुसतं पोट? खाण्याचे सगळे व्हिडिओ पुन्हा बघून द्यायचेत, नाहीतर काम दुसरीकडे जातंय. या वेळी उपाशी माणूस खुर्चीवर नको."

ईद होऊन गेली होती. सगळ्यांच्या हाताशी कॉफीचे पेले होते. उपाशी मी एकटीच. ईदनंतरचे सहा रोजे मी दरवर्षी धरते.

"रादिया," ते आवाज खाली आणून म्हणाले, "हे रोजे काही फर्ज नाहीत. आज सोडा, नंतर धरा. नाहीतर तुम्हाला या फेरीत बाजूला ठेवावं लागेल."

बाजूला ठेवलेल्याला पुढच्या फेरीला कुणी बोलवत नाही. हे काम गेलं तर खोली सोडून गाबेसला भावाच्या दारात जाणं आलं.

"आजचा धरलाय," मी म्हटलं. "धरलेला मध्येच सोडत नाही मी."

"हिला चपलांचे व्हिडिओ द्या, सी नौफल," शेजारचा वाजदी म्हणाला. "चपला बघून काय भूक लागणार आहे?"

"तुला लागेल," लल्ला जलीला म्हणाल्या. आमच्यात वयाने त्याच मोठ्या, म्हणून 'लल्ला', म्हणजे बाई. मग त्यांनी पेला खाली ठेवला. "सी नौफल, माझे गुण काढा बरं."

"तुमचे कशाला?"

"मी रमजानभर जेवत होते. साखर आहे मला, डॉक्टरांनी रोजा बंद केलाय. मागच्या खोलीत खोक्यांच्या आड उभ्याने पाव खायचे नि तोंड पुसून यायचे. बघा, मी तरी उपाशी नव्हते ना?"

महिनाभर त्या आमच्याबरोबर घड्याळाकडे बघून उसासे टाकत होत्या. आत्ता त्यांची मान ताठ होती, पण कान लाल झाले होते.

सी नौफलनी गुण काढले. सगळ्यांत सढळ हात लल्ला जलीलांचाच. धूसर सूपला चार. अंधारातल्या खजुरांना पाच.

"हे कसं काय?"

"पोट भरलेलंच होतं हो. पण संध्याकाळी अजान झाली की घरातले सगळे एकदम पहिला घास घेतात. तो घास माझा नव्हता. चोरून खाल्लेल्या पावाने ती भूक जाते होय?"

सी नौफल खुर्चीत मागे टेकले. "मग मी करू काय? सगळ्यांनाच घरी पाठवू?"

"उलटा लावा," मी म्हटलं. माझा आवाज मुळातच लहान. पुन्हा सांगावं लागलं. "व्हिडिओ उलटा लावा. खालचं वर. धूसर असेल ते धूसरच राहील, फक्त जेवण जेवणासारखं दिसणार नाही."

त्यांनी लावला. कढई छताला टांगली गेली, तेल वर उकळू लागलं, आणि ब्रीक त्यात लोंबकळत राहिली.

"वटवाघूळ तळतायत!" वाजदी ओरडला. "एक गुण द्या. तोही अंगठ्याला."

मी दोन दिले. लल्ला जलीलांनीही दोन. पक्षी उलटे लावले, तरी पिसं मोजता येत होती. त्यांना सगळ्यांनी पाच दिले. सी नौफलनी पडद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"बसा आपल्या जागेवर," ते म्हणाले. "सगळे उलटे लावतो."

संध्याकाळी सगळे निघाले. अजानला थोडा वेळ होता म्हणून मी थांबले होते. लल्ला जलीलांनी खांद्याला लावलेली पर्स पुन्हा काढली आणि खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसल्या.

"तुमची बस चुकेल."

"चुकू दे. दुसरी येईल."

मी पिशवीतले खजूर पुढे केले नि जीभ चावली. त्या हसल्या. "मला पाणी दे गं."

मी दोन पेले भरले. त्यांनी आपला हातात धरून ठेवला. रस्त्यापलीकडच्या मशिदीतून अजान आली, मी खजूर तोंडात टाकला, पेला उचलला, आणि तेव्हा कुठे त्यांनी आपला ओठाला लावला.