बुवांच्या खांबाचा पाया

केंदूरच्या चावडीपुढं मुंगीला शिरायला जागा नव्हती. बहात्तरचा दुष्काळ सरून दोन वर्षं झाली होती आणि आज साक्षात लक्ष्मी फळ्यावर उतरली होती. काळ्या फळ्यावर दोन पिवळे खांब रंगवलेले. पहिला वीतभर, ती गावातल्या कांदेवाल्या मारुतरावांची गेल्या सालची एकरी कमाई. दुसरा त्याच्या तिप्पट, ती धनेश्वरबुवांचं तांब्याचं यंत्र बांधावर पुरल्यानंतरची. बाया चक्क फळ्याला हळदकुंकू वाहत होत्या.

बुवांनी संसार सोडला होता. मनगटावरचं घड्याळ आणि शंभराच्या नोटा तेवढ्या सोडायच्या राहून गेल्या होत्या. लक्ष्मी चंचल, यंत्र तिच्या पायात बेडी घालतं, दर साली नवं यंत्र पुरा, किंमत फक्त शंभर, असं त्यांचं चऱ्हाट चाललं होतं. रोकड नसेल त्यानं जनावर दिलं तरी बुवांना वावडं नव्हतं.

गेणबा गवंडी शाळेची भिंत अर्धी टाकून धावत आला होता. त्याची थोरली बहीण सोजरबाई आपली एकुलती एक दुभती शेळी घेऊन रांगेत उभी होती. विधवा बाई, एकरभर रान, आणि तिची मीठमिरची चालायची ती ह्या शेळीच्या दुधावर. गेणबाला बहिणीला थांबवायचं होतं. पण नुसत्या समजावण्यानं ती ऐकणारी नव्हती.

भिंत किती चढली हे गवंडी पायापासून मोजतो. ह्या खांबांचा पायाच दिसेना, तिथं झेंडूची जाडजूड माळ. गेणबानं ती सरळ उचलली. कडेच्या आकड्यांत सगळ्यात खाली लिहिलं होतं, तीनशे नव्वद. म्हणजे तिथपर्यंतची कमाई दोन्ही खांबांतून कापूनच टाकलेली.

"बुवा, खालचे तीनशे नव्वद कुठं हायती?"

पाया पाताळात असतो, तो भाविकालाच दिसतो, असं बुवा म्हणाले.

"मंग मी समद्यांना रचून दावतो."

त्यानं मारुतरावांना खरे आकडे विचारले. गेल्या साली चारशे, औंदा चारशे वीस, ते खाली मान घालून बोलले. कांद्याला ह्या वर्षी सगळ्यांनाच चढा भाव मिळाला, हेही त्यांनी कबूल केलं. गेणबानं शाळेच्या विटा आणून दोन चळती रचल्या, वीस रुपयांना एक वीट. एक चळत वीस विटांची, दुसरी एकवीस. तिपटीचा चमत्कार एका विटेवर आला, आणि तीही बाजारानं दिलेली.

मग तो बहिणीकडं वळला.

"आक्का, यंत्राचे शंभर म्हंजी पाच इटा. ह्या दुसरीतनं तूच उतरव."

सोजरबाईनं दावं काखेत दाबलं आणि एकेक वीट खाली ठेवली. पाचवी उतरली तेव्हा यंत्राची चळत बिनयंत्राच्या चळतीपेक्षा चार विटांनी बुटकी झाली होती. ती दोन्हींकडं बघत राहिली.

"आन् ह्ये दर साली द्यायचं व्हय, बुवा?" तिनं विचारलं.

बुवा घड्याळात बघू लागले. सोजरबाई रांगेतून बाहेर पडली आणि तिच्यामागं रांगच उरली नाही.

तेव्हा बाबांनो, कुणी तुमची भरभराट रंगवून दाखवली तर हात जोडायची घाई करू नका. आधी वाकून बघा, मोजायला सुरुवात कुठून केली आहे. आणि वाढीतून त्याचे पैसे आपल्या हातानं वजा करा.