काल्याचं दही आणि तीन कोनशिला

या मंडळी, जरा सरकून बसा. पुढच्यांनी मांडी आवरा, मागच्यांनी पुढं या, म्हणजे उंबऱ्यातल्यांनाही जागा होईल. टाळ घडीभर खाली ठेवा. सरकारवर रुसलेल्या एका म्हातारीची गोष्ट सांगतो. फार मोठी नाही, पण गोड आहे.

गारगोटीहून वडापच्या जीपनं अर्ध्या तासावर भोपळवाडी लागते. गावाच्या मधोमध ओढा. पलीकडं विठोबाचं देऊळ, शाळा, दुधाची डेअरी. अलीकडं वरची वाडी, मोजून अकरा उंबरे. दिवाळी होऊन गेली तरी ओढ्याला गुडघाभर पाणी असतं, आणि तळाला शेवाळलेले गोटे. वरच्या वाडीनं शाळा, दवाखाना, दूध, देव, सगळं त्या गोट्यांवरनं तोल सांभाळत करायचं.

झुंबरबाई वरच्या वाडीतली. वय बहात्तर, दात चार, पण आवाज असा की कीर्तनात बुवांनी चरण सोडला की पहिला तोच उचलायचा. कार्तिकातल्या सप्ताहात काल्याच्या हंडीला दही जायचं ते तिच्या म्हशीचं. सासूनं हातात दिलेलं काम, चाळीस वर्षं एकदाही चुकलं नव्हतं. गेल्या साली मात्र ओढ्यात पाय घसरला. दही पाण्यानं नेलं आणि मनगट मोडलं. काल्याला ऐनवेळी पिशवीतलं विकतचं दही घातलं. लोकांनी खाल्लं, पण झुंबरबाईला ती गोष्ट वर्षभर सलत राहिली.

यंदा तिचा लेक बाळासो आधीच म्हणाला, "आई, दही मी नेतो. तू ओढ्यात पाय टाकायचा न्हाईस."

"दही तू नेशील. मला कोण नेणार?"

"पाठुंगळी घेतो की."

"व्हय, पोत्यागत पाठीवर बसून देवाला जाऊ! देव इचारंल, बाळासो, हे काय आणलंस, शेंगा का भात?"

बाळासो हसला, पण म्हातारी हसली नाही. काल्याला आपल्या पायानं जायचं, आपल्या हातानं दही ठेवायचं, एवढंच तिला हवं होतं. आणि ते अडलं होतं एका साकवावाचून. साकव म्हणजे तरी काय, दोन माणसं शेजारून जातील एवढा छोटा पूल.

तसं बघितलं तर साकव तीनदा झाला होता, पण नुसता नारळ फोडण्यापुरता. पाच वर्षांत राज्यात सरकारं तीन झाली. आमदार एकच, पण दरवेळी गळ्यातल्या उपरण्याचा रंग निराळा. प्रत्येक सरकारात ते आले, कुदळ मारली, नारळ फोडला, कोनशिला बसवली, पेढा खाल्ला आणि गेले. ओढ्याच्या काठावर तीन चबुतरे आणि तीन कोनशिला ओळीनं उभ्या. पहिली काळ्या दगडाची, दुसरीही तशीच पण जास्त रुंद, तिसरी त्याहून थोराड, कारण तोवर नावं वाढली होती. साकवाचा मात्र एक खडा पडला नाही. कधी निधी मुंबईत अडकला, कधी फाईल पुण्याला गेली, कधी नवीन सरकारनं जुन्या सरकारची कामं थांबवली.

मग विधानसभेची निवडणूक लागली. वरच्या वाडीनं ओढ्याच्या काठाला बोर्ड लावला: 'साकव नाही तर मतदान नाही.' बोर्ड रंगवला ज्ञानूनं. ज्ञानू म्हणजे सप्ताहात पखवाज वाजवणारा, एरवी गवंडीकाम करणारा. अक्षर पखवाजाच्या बोलासारखं ठसठशीत.

गावाला ग्रामसेवक होता पारस मगदूम. शिरोळकडचा, वय तिशीच्या आत, अंगानं काडी आणि स्वभावानं लोणी. लोक त्याला रीतीप्रमाणं भाऊसाहेब म्हणायचे. बोर्ड बघून तो धावतच झुंबरबाईच्या सोप्यात, म्हणजे घरापुढच्या पडवीत, आला.

"आजी, असं करू नका. मतदान आपला हक्क आहे."

"हक्क हाय म्हणूनच न्हाय देत. माझाच हाय न्हवं?"

"पण सरकारपर्यंत म्हणणं जाणार कसं?"

"सरकार तीनदा हितं येऊन पेढं खाऊन गेलंय. त्याला वाट ठावी हाय की. बस, च्या घे. बिनसाखरेचा पितोस का साखरेचा?"

पारसनं साखरेचा चहा घेतला आणि मान खाली घालून गेला. तो तरी काय करणार, साकवाचे सहा अर्ज त्यानंच लिहिले होते.

आता ऐका, गंमत इथनं सुरू होते. आचारसंहिता लागली की पुढाऱ्यांची नावं झाकायची असतात. वरनं हुकूम आला, कोनशिला झाका. पारसनं वर्तमानपत्राचे कागद घेतले, शाळेतनं गव्हाच्या पिठाची खळ करून आणली आणि कागद तिन्ही कोनशिलांना डकवले. संध्याकाळी वाडीतल्या तीन म्हशी पाण्यावर आल्या. झुंबरबाईच्या म्हशीनं पहिली कोनशिला चाटली, तिला पिठाची चव लागली, आणि बघता बघता तिघींनी मिळून तिन्ही सरकारं उघडी केली.

दुसऱ्या दिवशी पारसनं पांढरं कापड आणलं. तिन्ही कोनशिलांना नीट गुंडाळलं, वर लाल सुतळीनं बांधलं. दिसायला इतकं झकास झालं की विचारू नका. त्या दिवशी गारगोटीचा बाजार. डोंगरावरच्या गावच्या बाया बाजाराहून परतताना तिथनं गेल्या. ओढ्याचा काठ, ओळीनं तीन दगड, पांढरं वस्त्र, लाल दोरा. त्यांना वाटलं, गावानं आसरा मांडल्या. आता पाण्याच्या काठाला देवी बसली म्हटल्यावर बाई मोकळ्या हातानं कशी पुढं जाईल? एकीनं हळद-कुंकू वाहिलं, दुसरीनं केळी ठेवली. दोन दिवसांत तिथं झेंडूच्या माळा आल्या, नारळाच्या शेंड्या पडल्या, आणि बायडाबाई नावाच्या एका माहेरवाशिणीनं पोर व्हावं म्हणून मधल्या सरकारला नवस बोलला.

कुणीतरी फोटो काढला. दुसऱ्या पार्टीच्या माणसानं तक्रार केली, 'आमदारांच्या कोनशिलेची जाहीर पूजा चालू आहे.' पारसला नोटीस आली. चोवीस तासांत नावं पूर्ण दिसेनाशी करा, नाहीतर निलंबन.

नोटीस घेऊन तो ओढ्याच्या काठाला बसला. झुंबरबाई म्हशीला घेऊन आली तर ह्याचे डोळे भरलेले.

"काय झालं रं लेकरा?"

त्यानं सगळं सांगितलं. "कागद टिकत नाही, कापडाची पूजा होतीय. रंग फासला तर म्हणतील विद्रूप केलं. काय करू सांगा, आजी."

म्हातारीनं कोनशिलांकडं बघितलं, मग ओढ्याकडं बघितलं. पायानं एक गोटा चाचपून बघितला. मग म्हणाली, "उलट्या टाक की पाण्यात."

"काय?"

"नावं खाली, पाठ वर. गोट्यांवर आडव्या. नावं कुणाला दिसायची न्हाईत, म्हस चाटायची न्हाय, आन् आमाला पाय ठेवाय जागा व्हईल."

पारस उभाच राहिला. "आजी, ही सरकारी..."

"दगड कुणी बसवलं?"

"ग्रामपंचायतीनं."

"मग गावचंच की."

सरपंच संयोगिताताईंना फोन झाला. त्या पोट धरून हसल्या आणि म्हणाल्या, चबुतरे तसेही खचलेत, उतरवून झाका, तसा ठराव घेऊ. ज्ञानू पहार घेऊन आला, पाठोपाठ बाळासो आणि चार गडी. पहिली कोनशिला उतरली, आडवी केली, आणि झुंबरबाई एकदम ओरडली, "थांबा! हात लावू नगासा!"

सगळे गार. म्हातारी दगडावर वाकली होती. नावांच्या वर, अगदी माथ्याला, कोरलेलं होतं 'श्री'. तिन्हींवर.

"ह्याच्यावर पाय द्यायचा? मेलं तरी न्हाय."

ज्ञानू म्हणाला, "आत्ती, ते खाली जाणार. पाय पाठीवर पडणार."

"देव काय पाठीमागनं कळत न्हाय व्हय? खाली पाण्यात देवाचं नाव आन् वर आमच्या चपला. कीर्तनात काय तोंड घिऊन बसू?"

गडी पहारी टेकून उभे. कारण तिचं म्हणणं सगळ्यांनाच पटलं होतं. पारस घड्याळ बघत होता. तो जैन, पण देवाच्या नावावर पाय द्यायची कल्पना त्यालाही सोसेना.

मग ज्ञानूच हळूच म्हणाला, "आत्ती, माझं कटर हाय घरात. वरची वीतभर पट्टी कापून काढतो. देवाचं नाव देवळात जाईल, बाकीची मंडळी ओढ्यात."

म्हातारीचा चेहरा असा फुलला! "मग आधी तसं बोलायचं न्हाईस व्हय, मुडद्या?"

दुपारपर्यंत कटर किरकिरत होतं. 'श्री'च्या तीन पट्ट्या निघाल्या. झुंबरबाईनं त्या धुतल्या, पदरानं पुसल्या आणि लेकाच्या हाती देवळात पाठवल्या. मग तिन्ही कोनशिला ओढ्यात उतरल्या. ज्ञानूनं गोटे हलवून बैठक केली, सांध्यात सिमेंट भरलं, वर टाकी-हातोड्यानं टोचे मारून खरबरीत केलं. काळ्या दगडाची बसकी वाट इकडच्या काठापासून तिकडच्या काठापर्यंत. पाणी तिच्या खालच्या गोट्यांमधनं वाहायला लागलं.

दोन दिवस सुकल्यावर ज्ञानू त्यावर उड्या मारत म्हणाला, "पाच वर्षांत पहिल्यांदा ही नावं गावाच्या उपयोगाला आली बघा!"

तिसऱ्या दिवशी काला. सकाळी पलीकडं देवळात टाळ वाजायला लागले आणि नेमकी तेव्हाच तपासणीची जीप आली. त्यातनं उतरल्या निवडणुकीच्या अधिकारी वर्षाराणी मॅडम, हातात फाईल, पायात पांढरे बूट. मागं पारस, तोंड पांढरं. मॅडम चालत ओढ्याच्या मधोमध आल्या आणि थांबल्या. समोरनं झुंबरबाई येत होती. नवं लुगडं, डोक्यावर दह्याचं गाडगं, एक पाऊल, दुसरं पाऊल.

"आजी, इथल्या तीन कोनशिला कुठं आहेत?"

आता पंचाईत अशी, की काल्याचं दही नेताना वाटेत कुणाशी बोलायचं नसतं. तशी रीतच आहे. झुंबरबाईनं डोळे मोठे केले, हनुवटीनं खाली दाखवलं.

"खाली? खाली कुठं?"

म्हातारीनं उजवा पाय उचलला आणि दगडावर दोनदा आपटला.

मॅडमनी खाली बघितलं. पारसकडं बघितलं. पारस चाचरत म्हणाला, "मॅडम, नावं... पूर्ण झाकलीत."

मॅडम मग बाजूला सरल्या आणि झुंबरबाईला वाट दिली. म्हातारी पुढं गेली. मॅडमनी फाईल उघडली, पेन काढलं आणि लिहिलं, 'तिन्ही कोनशिला समाधानकारकरीत्या झाकलेल्या आढळल्या.' मग पायातले बूट बघत म्हणाल्या, "मगदूम, माझ्या गावच्या ओढ्यालाही असं काहीतरी बघा की हो."

देवळात बुवांचा आवाज चढलेला. झुंबरबाईनं गाडगं त्यांच्यापुढं ठेवलं, कपाळ टेकलं, आणि वर्षभराचं सलणं त्या फरशीवर ठेवून उठली. बुवांनी चरण सोडला. तो उचलणारा पहिला आवाज कुणाचा, हे सांगायला नको. ज्ञानूची थाप अशी पडली की मंडपाचं कापड हललं. हंडी फुटली तेव्हा दह्या-लाह्यांचा पहिला घास म्हातारीनं बुवांना दिला आणि दुसरा कोपऱ्यात उभ्या पारसला. मॅडमनाही द्रोण मिळाला. त्यांनी तो बोटानं पुसून खाल्ला.

मतदानाच्या दिवशी झुंबरबाई सकाळी सातला रांगेत. ज्ञानू म्हणाला, "काय आत्ती, रुसवा गेला व्हय?"

"गेला कुठं? रुसवा हायच. पर घरात बसून रुसलेलं कुणाला कळतंय? आता पलीकडं येऊन रुसता येतंय." बोटाची शाई तिनं आठवडाभर सगळ्यांना दाखवली. मत कुणाला दिलं ते मात्र लेकालाही सांगितलं नाही.

निकाल लागला, चौथं सरकार आलं. आचारसंहिता उठली आणि कचेरीतनं पत्र आलं, झाकलेल्या कोनशिला पूर्ववत उघड्या कराव्यात. पारसनं त्याच दिवशी उत्तर धाडलं: 'सदर कोनशिलांवरून रोज ग्रामस्थ ये-जा करतात. साकव पूर्ण होताच त्या तत्काळ उघड्या करण्यात येतील.' त्या पत्राला आजवर उत्तर नाही. पण गेल्या महिन्यात दोन इंजिनिअर टेप घेऊन आले आणि ओढा मोजून गेले. झुंबरबाईनं त्यांना पेढे दिले नाहीत. म्हणाली, आधी खांब दाखवा.

पारसची मात्र बदली झाली. कुठं झाली ते वाडीत कुणाला नीट ठाऊक नाही, कुणी म्हणतं आजरा, कुणी म्हणतं चंदगड. तेव्हा मंडळी, एवढंच मागणं आहे. तुमच्या गावात काडीसारखा एक ग्रामसेवक नवीन आला असेल, अर्ज नीट लिहीत असेल आणि साखरेचा चहा घेत असेल, तर त्याला सोप्यावर बसवा, आणि सांगा, भोपळवाडीच्या म्हातारीनं येत्या काल्याला बोलावलंय. आणि भेट नाही झाली, तर हात जोडताना त्या लेकराचं नाव तेवढं घ्या. पारस मगदूम. विसरू नका.