मिटलेल्या जागा

नेवेनाबाईंना जाऊन चाळीस दिवस झाले, त्या दिवशी त्यांच्या पुस्तकांच्या संपादिका रायनाबाई घरी आल्या. त्रिफोनकाकांनी चाळिसाव्याच्या रिवाजाप्रमाणे त्यांच्यापुढे उकडलेल्या गव्हाची, साखर घातलेली वाटी ठेवली. रायनाबाईंनी एक चमचा खाल्ला आणि पिशवीतून टाइप केलेल्या पानांचा गठ्ठा काढला.

"त्रिफोनदादा, यात सूत्रं कुठे आहेत?"

"सगळं आहे की! एक ओळ सोडली नाही मी."

"ऐका हं. 'म्हणून आपल्याला मिळते आणि हे पेक्षा लहान आहे.' काय मिळते, दादा? कशापेक्षा लहान?"

काका माझ्याकडे बघत राहिले. बायकोचे शेवटचे पुस्तक आपल्याच हातून बिघडले, हे त्यांना तेव्हा कळले. मला ते आधीपासून माहीत होते.

मित्रांनो, मी एक जुना टाइपरायटर आहे. प्लोव्हदिव्ह शहरातल्या कारखान्यात माझा जन्म झाला आणि डॅन्यूबकाठच्या रूसे शहरात नेवेनाबाईंच्या टेबलावर आयुष्य गेले. मुलांसाठी गणिताची नऊ पुस्तके त्यांनी माझ्यावर लिहिली. माझ्याजवळ फक्त आमच्या लिपीची अक्षरे आहेत. वर्गमुळाचे चिन्ह नाही, सूत्रांत लागणारी लॅटिन अक्षरे नाहीत. म्हणून सूत्र आले की बाई तेवढी जागा मोकळी सोडत आणि जेवणाआधी ती शाईने भरत. अर्धवट पान त्यांनी कधी कुणाला दाखवले नाही, काकांनाही नाही.

काका जहाजदुरुस्तीच्या गोदीत फिटर होते. माझा एक दात झिजला आहे. त्यामुळे कागदाचा गाडा कधीकधी आपोआप पुढे उडी मारतो आणि शब्दांमध्ये खिंडार पडते. काका दर महिन्याला मला उलटे करून तेल घालत.

"तुझं गणित मला कळत नाही, पण याचे दात कळतात," ते म्हणत.

"मग पुढचं पुस्तक तुम्ही दोघंच लिहा, मेस्त्री!" बाई हसत.

डोंगरातल्या शाळांतून मुलांची पत्रे येत. एका मुलीने बाईंची चूक काढली होती. ते पत्र बाईंनी भिंतीवर लावले.

दहाव्या पुस्तकाच्या वेळी बाईंचा हात कापू लागला. टाइप करता येई, पण शाई सांडे. सूत्रे मागे राहू लागली. मग त्यांना इस्पितळात न्यावे लागले. तिथून त्यांनी फोन केला.

"पानांवर खाडाखोड फार आहे. नवीन प्रत काढून ठेव. आले की भरते."

काकांना वाटले, पाकिटात भरते.

दोन आठवडे ते दोन बोटांनी टाइप करत बसले. पानोपानी खिंडारे पाहून म्हणाले, "काय रे म्हाताऱ्या, किती उड्या मारल्यास!" आणि त्यांनी एकेक जागा मिटवून टाकली. माझी खोड इतकी जुनी होती की त्यांना दुसरी शंकाच आली नाही. मला बोलता येत नाही. मी अक्षरे उमटवत राहिलो.

जुनी पाने त्यांनी शाळेच्या रद्दीत दिली. बाई नेहमी तसेच करत. बाई घरी परतल्याच नाहीत. मग काकांनीच नवी प्रत पाकिटात भरून रायनाबाईंना पाठवली.

"एखाद्या प्राध्यापकांकडून भरून घेऊ या," रायनाबाई म्हणाल्या.

"तो त्याचं पुस्तक लिहील. मला शिकू दे."

"या वयात, दादा?"

"गोदीने कायमची सुटी दिलीय. आता दुसरं काय करायचंय?"

रायनाबाईंनी गठ्ठा परत टेबलावर ठेवला.

आता काका बाईंचे पहिले पुस्तक वाचत आहेत, सहावीतल्या मुलांसाठीचे. एका पानाला कधी आठवडा लागतो. मग ते शेवटच्या पुस्तकाचे पान पुन्हा टाइप करतात. वाक्य जिथे लंगडते, तिथे थांबून माझी लांब पट्टी दाबतात आणि जागा उघडतात. काही ठिकाणी ते चुकतात. माझी उमटलेली अक्षरे पुसता येत नाहीत, मग पान पुन्हा पहिल्यापासून.

मित्रांनो, घरातले माणूस काही अर्धवट ठेवून गेले, तर ते नीटनेटके करण्याची घाई करू नका. ते माणूस असेपर्यंत त्यालाच विचारा. काकांना विचारायला पंधरा दिवस मिळाले होते.

मिटवलेल्या जागा दोनशे चौदा आहेत, मी मोजल्या होत्या. काकांना आजवर एकोणीस सापडल्या. भरलेली त्यांत एकही नाही.