कामठीच्या लिलावातला जाड टायर

मित्रांनो, फटफटीचा एक जुना टायर तुमच्याशी बोलतो आहे. माझी गोष्ट निम्मी पटली तरी पुष्कळ झालं. जी निम्मी पटणार नाही, तीच खरी समजा.

रबराचा चीक, काजळी आणि भट्टीची धग यांतून माझा जन्म झाला. कामठीच्या छावणीत एका बोजड लष्करी फटफटीला मी लागलो. ती चालवणारा जवान मला रोज पुसायचा, हवा पाहायचा. एका दुपारी उमरेडच्या रस्त्यावर अपघातात तो गेला. गाडी मोडली; मी मात्र धडधाकट उरलो आणि लिलावात आलो.

टायरला डोळे नसतात, पण वजन फार चांगलं कळतं. एवढं ध्यानात ठेवा.

त्र्याहत्तर सालच्या उन्हाळ्यात सक्करदऱ्याच्या रुपरावांनी मला विकत घेतलं. ते मिरचीचे दलाल. त्यांच्या फटफटीच्या मागच्या चाकाला टायर हवा होता ३.२५-१९. माझ्या अंगावर होतं ४.००-१९. पुढचा आकडा जाडीचा, मागचा रिंगचा. रिंग जुळली, तेवढ्यावर स्वारी खूश!

शेजारचे महादेवराव कुंपणावरून म्हणाले, "मोठा होते गा हा तुह्या गाडीले."

"मोठा नाही, मजबूत हाय! पोळ्याले मिरवाचा बैल कोणी रोडका घेते काय?"

बैल पारखायची नजर त्यांनी टायरला लावली. दुकानात न जाता अंगणातच बैठक मारली. कडेला साबणाचं पाणी लावलं, एक बाजू पायानं रिंगच्या खोलगट भागात दाबली आणि समोरची लोखंडी पट्टीनं चढवू लागले. दुसरी पट्टी नव्हती.

"अवं जयवंता, सराटा आण!"

"भाकर उलथाचा सराटा हाय तो! टायर तव्यावर टाकून राहिले काय?" त्यांची बायको म्हणाली, पण तिनं आणून दिला. मी चढलो.

जयवंताला सातवा महिना होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून रुपराव तिला याच फटफटीवर उमरेडला सोडणार होते.

त्याआधी ते एकटेच एक चक्कर मारायला निघाले. भर दुपार, रस्त्यावर चिटपाखरू नाही. मागची सीट रिकामी. तरी मी बोटभर दबलो. कोणीतरी बसलं होतं. मित्रांनो, ते वजन मी ओळखलं.

दबताच माझी फुगीर कूस साखळीच्या झाकणाच्या बोल्टला घासू लागली. माणूस कण्हावा तसा आवाज निघाला. मग रोजच निघू लागला.

"कोण कण्हून राहिलं गा?" महादेवरावांनी कुंपणाआडूनच विचारलं. रुपरावांनी हँडलला लिंबू-बिबा बांधला. लिंबू रोज नवं, बोल्ट तोच. माझ्या अंगातले धागे एकेक करून तुटत होते.

निघायचा दिवस आला. रुपरावांनी गाडी स्टँडवरून उतरवली आणि ते पुढं बसले. मला कळत होतं, उमरेड येणार नाही. भरधाव असताना मी फुटलो, तर दोघंच काय, तिसरा पोटातला जीवही रस्त्यावर.

जयवंतानं सीटवर हात ठेवला आणि झटकन मागं घेतला. "अहो, हे थंडगार लागून राहिलं."

"एवढ्या उन्हात? डोहाळे हायेत तुहे! बस."

तिनं पाय उचलला. मी माझ्या जुन्या जवानाला मनातून विनवलं, 'बाबा, रोज हलका बसतोस. आज पूर्ण वजनानं बस!'

तो बसला.

मी बोल्टवर असा दाबला गेलो की ऊर फुटला. धाडकन आवाज झाला. ट्यूब चिकटू नये म्हणून लावलेलं शंखजिरं, ती पांढरी भुकटी, धुरासारखं अंगणभर उडालं. ते खाली बसलं तेव्हा त्यात बुटाचा एक ठसा होता. त्यापुढं दुसरा. ठसे फाटकाकडे गेलेले. फाटक बंद होतं. बूट मात्र कोणाच्याच पायात नव्हते.

जयवंता हळूच म्हणाली, "मी यष्टीनंच जाईन."

"जा," रुपराव म्हणाले.

यथावकाश मुलगी झाली, दोघी सुखरूप. रुपरावांनी आकडा वाचून बारीक टायर आणला, चाक हातानं फिरवून कुठं घासत नाही ना, ते पाहिलं. मी परसात पडलो. तक्रार नाही.

मित्रांनो, टायर घरी बदला, खुशाल बदला. पण दोन्ही आकडे जुळवा आणि हवा पाहत जा. जाडीचा हव्यास नको. चाकाला हवी त्यापेक्षा रुंद जागा केलीत, तर तिथं कोण येऊन बसेल, आणि ते माझ्या जवानासारखं भलं असेलच, हे सांगता येत नाही.