लग्नाच्या पाकिटावरचं जुनं देणं

आमच्या घरात पैसा पाकिटांत राहतो, आणि पाकिटावर जे लिहिलंय त्यालाच तो जातो. हा माझा नियम. वीजबिलातून उरलं म्हणून साखर येत नाही. नवऱ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा ‘आजारपण’ कमी पडलं, तरी मी ‘लेकीचं लग्न’ला हात लावला नाही. पतपेढीतून व्याजानं कर्ज काढलं. त्याच पतपेढीत लेकीच्या लग्नाची ठेव होती, तिची पावती त्या पाकिटात! नवरा अजून चारचौघांत सांगून हसतो. हसू दे.

सोमवारी लेकीनं नेमक्या त्याच पाकिटावर बोट ठेवलं. तिचं लग्न ठरलंय, आणि ती दातांच्या दवाखान्यात डॉक्टरांच्या हाताखाली काम करते. एक्स-रे काढण्याच्या अभ्यासक्रमाला तिचा नंबर लागला होता. फी शुक्रवारपर्यंत भरायची, नाहीतर जागा दुसऱ्या कुणाला.

"आई, आम्ही नोंदणी करून लग्न करतो. त्याच्या घरचेही तयार आहेत. हॉलचे पैसे फीला दे ना."

"लग्नाचे पैसे लग्नालाच."

"लग्न माझंच आहे ना पण?"

"पाकीट माझं आहे."

एरवी ती शब्दाला शब्द देते, माझ्यावरच गेलीय. त्या दिवशी मात्र उठून भांडी घासायला लागली. तेच मला जास्त लागलं.

मी शिंप्याच्या दुकानात काज-बटण करते. गुरुवारी नवरा माझा विसरलेला डबा द्यायला आला आणि जाता जाता म्हणाला, "तुझ्या बाबांचीही पाकिटंच होती, नाही का?"

अस्सा राग आला! सुई बोटात गेली.

बाबा कारकून होते. त्यांच्या वळणदार अक्षरात एका पाकिटावर लिहिलेलं होतं: ‘शिक्षण’. त्यातून मी नर्स होणार होते. प्रवेशही मिळाला होता. मग माझं लग्न ठरलं, पाहुणे वाढले, आणि बाबांनी ते पाकीट रिकामं केलं. म्हणाले, "नंतर परत ठेवतो, बाळा." लबाड नव्हते ते. पण ते ‘नंतर’ काही आलं नाही. तेव्हापासून एका पाकिटाचे पैसे दुसऱ्याला द्यायचे नाहीत, अशी मी गाठच मारून घेतली. आणि आता त्याच गाठीनं माझ्या पोरीचं शिक्षण अडवून बसले होते. मला माझीच लाज वाटली.

पण नियम म्हणजे नियम. दुपारभर बटणं लावता लावता विचार केला, आणि वाट सापडली.

शुक्रवारी सकाळी लेकीला घेऊन पतपेढीत गेले. काउंटरवरच्या बाईंनी अर्ज पुढे केला. "मुदतीआधी ठेव मोडताय, ताई. व्याज बुडेल. इथे कारण लिहा."

मी लिहिलं, ‘लग्नानं शिक्षणाकडून उसने घेतलेले पैसे परत.’

बाईंनी दोनदा वाचलं. "किती जुनं देणं?"

"एकोणतीस वर्षं."

"अगं बाई! मग त्याचं व्याज?"

"ते माफ केलं," मी म्हटलं. म्हणतानाच कळलं, ते खरंच माफ झालं होतं.

पर्समधून बाबांचं ते रिकामं पाकीट काढलं, इतकी वर्षं जपून ठेवलेलं. कडा पिवळ्या पडल्या होत्या, अक्षर मात्र तसंच होतं. नोटा त्यात भरल्या आणि लेकीच्या हातात दिलं. तिनं अक्षर वाचलं, माझ्याकडे पाहिलं, आणि तिचे डोळे भरले.

"रडायचं नंतर," मी म्हटलं. "आधी फी भर. आणि लक्षात ठेव, यातला एक पैसाही दुसऱ्या कशाला जाता कामा नये."